मनधरणी

टक्क.

औषधाच्या बाटलीचं झाकण निघालं आणि तेवढ्या आवाजाने दुपारभर जपलेली घरातली शांतता मोडली. पांघरुणाची कड हलली. चार्वीचा एक डोळा बाहेर आला, तापाने पाणावलेला, पण सावध.

"मला नको ते गुलाबी."

सुरुची पलंगाच्या कडेवर बसली. परवापासून पोरीचा ताप चढत-उतरत होता आणि परवापासूनच ही लढाई चालू होती. रागावून झालं होतं, चॉकलेटचं आमिष दाखवून झालं होतं. मग तिने दरवेळी शेवटी करायची तेच केलं. आवाज खाली आणला. इतका खाली, की ऐकायला चार्वीला हालचाल थांबवावी लागली.

"एवढं एकच हं. चमचा बघ केवढासा आहे. माझं बाळ घेणार आहे, मला माहितीये हं."

त्या 'हं'मध्ये हुकूम नव्हता, विनंतीही नव्हती. समोरच्याने आधीच मानलेलं आहे आणि आपण फक्त त्याची आठवण करून देतोय, असा काहीतरी तो सूर होता. कुणी शिकवलेला नव्हे. आई झाल्यावर कधीतरी घशात येऊन राहिलेला. चार्वीचं तोंड उघडलं.

चमचा अजून हातात होता तोच फोन वाजला. अक्कांचा.

अक्का म्हणजे पद्मावती, सुरुचीच्या नवऱ्याची, अभिनंदनची आत्या. त्यांनी लग्न केलं नाही. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आणि तिच्यातूनच सांगलीच्या गावभागात स्वतःचं घर बांधलं. पुढच्या दोन खोल्यांत त्या स्वतः, मागच्या खोल्यांत बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुली. "माझ्यामागे हे घर मुलींचंच राहणार," हे वाक्य घरच्या प्रत्येक लग्नकार्यात सगळ्यांनी एकदा तरी ऐकलेलं असायचं.

"काय गं, आता तरी समाधान झालं ना तुझं?" अक्का खुशीत होत्या. "दिलं बाई होय म्हणून."

कशाला, असं सुरुचीने विचारलं.

"निवांतला गं. किती दिवस मागे लागली होतीस. माझं जेवण झालं की तुझा फोन ठरलेला. म्हटलं, पोरगी एवढं म्हणतेय तर कशाला मोडा तिचा शब्द."

सुरुचीने चमचा खाली ठेवला. दिवाळीनंतर तिने अक्कांना एकदाही फोन केला नव्हता. तसं तिने सांगितलं. मी नव्हे अक्का, ते बँकेचं यंत्र बोलतं, आवाज फक्त माझा घेतलाय त्यांनी. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"जन्मभर कानाला लाइन लावून बसले मी. मला आवाज ओळखायला शिकवतेस होय?"

अक्कांनी फोन ठेवला. 'निवांत' ही तिच्याच बँकेची योजना होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने घर बँकेच्या नावे करायचं. मग दुरुस्ती, घरपट्टी, डॉक्टर, किराणा, रोज संध्याकाळचा विचारपूस करणारा फोन, सगळं बँकेकडे. माणूस गेल्यावर घर बँकेचं. आणि करार पक्का झालेला महिना संपला की त्या घरात दुसरं कुणी राहायचं नाही. ही शेवटची अट सुरुचीला पाठ होती. योजनेला मंजुरी देणाऱ्यांत तिची सही होती.

म्हणजे मागच्या खोल्यांतल्या मुली परीक्षेआधी रस्त्यावर. आणि अक्कांचं ते वाक्य, जे सगळ्यांनी ऐकलं होतं, ते कायमचं खोटं.

*

दीपमाळ बँकेच्या नवोपक्रम विभागात सुरुची लागली तेव्हा तिथे माणसं मावत नसत. नवी योजना काढायची तर आधी ती कुणाला तरी सुचायला लागे. मग समिती, मग परिपत्रक, मग चार शाखांत चाचणी, आणि वर्ष-दीड वर्षाने कळे की लोकांना ती नकोच होती. पुढे शाखा एकेक करून फोनमध्ये गेल्या. काउंटर गेले, पासबुकं गेली, आणि मग 'अंकुर' ही यंत्रणा आली.

अंकुरला काही सुचत नसे. ती करून बघे. एकाच योजनेचे हजारो किंचित वेगळे अवतार ती सकाळी तयार करी. कुठे अटींचा क्रम बदललेला, कुठे एखादा शब्द, कुठे वाक्यानंतरची शांतता जराशी लांबवलेली. मग दिवसभर ती एकाच वेळी हजारो ग्राहकांशी बोले. ज्या बोलण्यातून होकार आला ते ठेवायचं, बाकीचं टाकायचं, आणि ठेवलेल्यातून उद्याचे नवे अवतार काढायचे. सांगलीकडे हळदीचं बेणं निवडतात तसंच हे. चांगले भरलेले गड्डे पुढच्या लावणीला, बाकीचे शिजायला. फरक एवढाच की हळदीचं पीक वर्षाला एक, अंकुरचं रोज एक. समितीला जे दोन वर्षांत सापडलं नसतं ते तिला आठवड्यात सापडे. ते का चालतं, हे मात्र तिलाही ठाऊक नसे, आणि चालतंय म्हटल्यावर बँकेत कुणी विचारतही नसे. विभागात आता मोजकी माणसं उरली होती. अंकुरने पिकवलेल्यावर सही करणं हे त्यांचं काम.

तिला आवाज हवा होता तेव्हा आधी पुण्याच्या स्टुडिओतला एक घोटीव आवाज आणला होता. या बाजूचे लोक पहिल्या वाक्याला फोन ठेवत. मग कर्मचाऱ्यांचेच आवाज मागवले गेले आणि सुरुचीचा निवडला गेला. तेव्हा चार्वी वर्षाचीही नव्हती. घरी बसून वाक्यं वाचून पाठवायची मुभा मिळाली, म्हणून सुरुचीला ते काम देवासारखं वाटलं होतं.

*

सोमवारी ती ऑफिसात गेली ती थेट नौशाद मुजावरच्या टेबलाशी. मुजावर मिरजेचा. अंकुरच्या पोटात डोकावता येणारा विभागातला तो एकटा. सुरुचीला तो ताई म्हणायचा, आणि आपली अम्मी आपलं ऐकत नाही तेव्हा ताईंकडून फोन करवतो, अशी थट्टा करायचा.

अक्कांचे फोन ऐकायचे आहेत, म्हटल्यावर तो हसायचा थांबला. नात्यातल्या ग्राहकाचं संभाषण ऐकणं नियमात बसत नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं आणि एका कानाचा इअरफोन काढून तिच्या हातात दिला.

सुरुचीने स्वतःला ऐकलं.

सुरुवातीला कायद्याने सक्तीचं वाक्य होतं: मी माणूस नाही, बँकेची बोलणारी यंत्रणा आहे. ते पूर्ण म्हटलेलं होतं. पण पडद्यामागे लपलेली आई 'मी नाहीये इथे हं' म्हणते, त्या चालीवर. त्यावर अक्का हसल्या होत्या. मग जेवणाची चौकशी, गुडघ्याची, मुलींनी मागचं फाटक लावलं का याची. मग निवांत. अक्का म्हणत होत्या, नको गं. म्हणत होत्या, बघू. म्हणत होत्या, राहू दे. दरवेळी आवाज थोडा थांबायचा, आणि आधीपेक्षा मऊ होऊन पुन्हा सुरू व्हायचा.

"हे तिला सगळ्यात आधी सापडलं," मुजावर म्हणाला. "आपल्याकडे नको म्हणजे नकार नसतो. पंगतीत पाहुणा नको म्हणाला की वाढणारा पुढे जातो का? थांबतो. आग्रह करतो. ती तेच करते. सरळ 'नाही' हा एकच शब्द ती नकार धरते. आणि ताई, या वयाच्या बायका घरच्या माणसाला सरळ नाही म्हणत नाहीत."

फोन नेमका जेवणानंतरच का, हेही त्याने दाखवलं. अक्का सूर्यास्ताआधी जेवतात. जैनांच्या घरांतून जुनी माणसं अजून ते पाळतात. त्यानंतर झोपेपर्यंत संध्याकाळ लांबच लांब आणि रिकामी. अंकुरला धर्म कळत नव्हता. गॅस बंद झाल्यावर आणि अंथरूण पडण्याआधी ही माणसं फोन पहिल्याच घंटीला उचलतात, एवढं तिला कळलं होतं.

"पण हा सूर," सुरुची म्हणाली. "हा मी दिलेला नाही. मी नुसती वाक्यं वाचली होती."

मुजावरने पडद्यावर सुराची वंशावळ उघडली. आज बोलला जाणारा सूर, त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा. फांद्या मागे मागे जात एका ठिपक्यावर येऊन थांबल्या. त्याने तो ठिपका वाजवला.

खात्यातली शिल्लक जाणून घेण्यासाठी, असं तिचं सपाट वाचन सुरू झालं. मध्येच एका तान्ह्या पोराची किरकिर. मग खाली आलेला आवाज. एवढं एकच हं. माझं बाळ घेणार आहे, मला माहितीये हं. मग पुन्हा, खात्यातली शिल्लक.

तिला ती दुपार आठवली. चार्वी मांडीवर, दात येताना अंग तापलेलं, एका हातात माइक, एका हातात थेंबांची बाटली. ते वाक्य पुन्हा वाचायचं त्राण नव्हतं. नको असलेला आवाज यंत्र गाळून टाकेल, असं धरून तिने ते तसंच पाठवलं होतं. नको असलेला कुठला, हे यंत्राला कसं कळणार, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

"बाकी सगळं तुम्ही भिंतीला वाचून दाखवलं होतं," मुजावर हळू म्हणाला. "हे एकच माणसाला म्हटलेलं होतं."

ते काढून टाक, असं ती म्हणाली. तो म्हणाला, कशातून काढू? आता सगळीकडे तेच आहे. ते काढलं तर बँक मुकी होईल. साहेबांकडे तक्रार करता येईल, ती नोंदवली जाईल, पुढच्या तिमाहीत तिच्यावर विचार होईल. अक्कांचा होकार मात्र उद्या संध्याकाळी पक्का होणार होता. विचार करायला दिलेली मुदत संपताना अंकुर शेवटचा फोन करते. तेव्हा ग्राहकाने स्वतः नाही म्हटलं तरच करार मोडतो. फोन उचललाच नाही, तर होकार कायम.

आपण अक्कांजवळ बसलो तर?

मुजावरने मान हलवली. फोन खोलीही ऐकत असतो. पोरं म्हाताऱ्यांना दटावून घर बँकेला देऊ देत नाहीत, म्हणून केलेला नियम आहे: तिसऱ्या माणसाचा आवाज आला, की नकार दबावाखाली दिलेला समजायचा आणि होकार तसाच ठेवायचा. आणि तिसरा माणूस बँकेचाच कर्मचारी निघाला तर त्याची नोकरी दुसऱ्या दिवशी संपली.

तो उठला. चहाचा कप हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"एक गंमत सांगतो," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "स्पीकरवर फोन असला की तिचाच आवाज खोलीत घुमून परत तिच्या कानात येतो. तो गाळला नाही तर ती स्वतःलाच उत्तरं देत बसेल. म्हणून तिला तसं बनवलंय. स्वतःचा आवाज ती ऐकतच नाही. कुठूनही येऊ दे." जरा थांबून तो म्हणाला, "पण तुम्ही आत्ता बोलताय हा तिचा आवाज नव्हे. ही तिच्यासाठी दुसरी बाई. तिच्या सुरात बोललं तरच गाळलं जाईल."

आणि तो चहा आणायला निघून गेला.

*

अभिनंदन कामासाठी जळगावला होता. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की घर आत्याचं आहे, निर्णयही तिचा आहे, आणि तुझी नोकरी मात्र आपल्या तिघांची आहे. हे त्याने चिडून म्हटलं नाही. म्हणूनच सुरुचीला त्याच्याशी भांडता आलं नाही.

मंगळवारी चार्वीचा ताप उतरला होता, पण तिला ठेवायला कुणी नव्हतं. स्कूटरवर पुढे उभी करून सुरुची तिला घेऊन गावभागात पोचली तेव्हा भिंतीवर अजून ऊन होतं. अक्का जेवायला बसल्या होत्या. भाकरीचा शेवटचा तुकडा आमटीत बुडवत त्यांनी दोघींना डोळ्यांनीच पलंगावर बसा म्हटलं. मागच्या खोलीत एक मुलगी बंद दाराआड येरझाऱ्या घालत हाडांची नावं पाठ करत होती.

सुरुचीने सगळं सांगितलं. सूर कुठून आला, यंत्रणा आग्रह करायला कशी शिकली, आजचा फोन कसला, मुलींचं काय होणार. अक्कांनी ऐकता ऐकता जेवण संपवलं. ताट उचललं, जागा पुसली, हात धुतले, आणि येऊन खुर्चीत बसल्या.

"ती तू नव्हेस हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

कशावरून, असं सुरुचीने विचारलं.

"ती दमत नाही गं. तू बोलतेस तेव्हा तुझं दूध उतू जातं, पोर ओरडते, तू 'थांबा हं अक्का' म्हणतेस आणि मग फोन करायचा राहतोच. ही कधी थांबा म्हणाली नाही."

"मग परवा फोनवर मला तसं का म्हणालात?"

"बघत होते. 'मी नव्हते' एवढंच सांगून फोन ठेवतेस, का येतेस."

चार्वी पितळी डब्यातल्या खडीसाखरेपर्यंत पोचली होती. तिला कुणी अडवलं नाही.

मुलींना जावं लागेल हे तिने सांगितलं होतं का, असं सुरुचीने विचारलं.

"सांगितलं की. काही लपवलं नाही बिचारीने. पण असं सांगितलं, की ऐकताना वाईट वाटलं नाही. वाईट मग वाटलं, रात्रीचं, ती पोरगी पाणी मागायला दारात आली तेव्हा." अक्कांनी पदराने चष्मा पुसला. "माझी मनधरणी कुणी केली नाही गं कधी. लहानपणी आईला वेळ नव्हता, आणि पुढे मी कुणाला तशी वेळ दिली नाही. आता नाही म्हणायला तोंड उघडलं की तुझाच चेहरा दिसतो मला. पोर हिरमुसेल वाटतं. आणि नाही म्हटलं की फोनही बंद. विचारून घेतलंय मी."

"घर तुम्हाला द्यायचंय का, अक्का? खरं सांगा."

"घर नाही द्यायचं," अक्का म्हणाल्या. "फोन हवाय."

आणि तेवढ्यात तो वाजला.

अक्कांनी सवयीने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सुरुचीने चार्वीला ओढून जवळ घेतलं, ओठांवर बोट ठेवलं.

"अक्का, जेवण झालं?"

चार्वीने मान वर करून आईच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. तिने फोनकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं, आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. सुरुचीने तळहात तिच्या तोंडावर ठेवला. मऊ, पण घट्ट. खडीसाखरेने चिकट झालेले ते ओठ हाताखाली हलत राहिले.

झालं की, असं अक्का म्हणाल्या. आवाजाने गुडघ्याची चौकशी केली. मग करारातलं एकेक कलम सांगितलं. घर बँकेच्या नावे. मागच्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या. एकही शब्द गाळला नाही, एकही खोटा नव्हता.

"हे सगळं तुम्हाला मान्य आहे, मला माहितीये हं."

"बघू की गं," अक्का म्हणाल्या.

"बघा ना. मी आहे इथेच."

मागच्या खोलीतली हाडांची नावं थांबली होती. बहुतेक ती मुलगी पाणी प्यायला गेली असावी. ती आत्ता दारात येऊन काही बोलली तर, हा विचार सुरुचीच्या पाठीतून सरकत गेला.

"त्या मुलींची परीक्षा आहे."

"त्यांची सोय होईल, अक्का. किती वर्षं दुसऱ्यांची काळजी करणार तुम्ही? आता कुणाला तरी तुमची करू दे."

अक्कांचे डोळे भरून आले. "राहू दे नाहीतर," त्या म्हणाल्या. त्यांना नकार द्यायचा होता हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं, टेबलावरचीला सोडून. तिने आणखी एक क्षण जाऊ दिला, आणि आवाज आणखी खाली आणला.

सुरुचीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आपला रोजचा आवाज निघाला तर सगळं संपलं. घर गेलं, नोकरी गेली. तो दुसरा सूर तिला मुद्दाम कधी लावता आला नव्हता; तो समोर पोर असेल तेव्हाच यायचा. तिने हाताखालच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. तापातून उठलेला, सुकलेला, तिच्याकडे एकटक बघणारा. आणि चार्वीकडे बघत ती अक्कांशी बोलली.

"अक्का, एवढं एकच म्हणा हं. नाही म्हणा. तुम्ही म्हणणार आहात, मला माहितीये."

टेबलावरचं बोलणं अडखळलं नाही. अंकुरने ऐकलंच नव्हतं. "घाई नाही हं," ते म्हणत होतं. सुरुची म्हणत होती, "एकच शब्द." एक आवाज टेबलावरून, एक पलंगावरून. तोच पोत, तेच थांबणं, शेवटी तोच हेल. अक्का इकडून तिकडे बघत होत्या.

"रोज संध्याकाळी मी आहेच ना," फोन म्हणाला.

"रोज संध्याकाळी मी येईन, अक्का," सुरुची म्हणाली.

म्हणतानाच तिला माहीत होतं. ऑफिस, चार्वीची शाळा, पावसाळ्यात नदीला पाणी चढलं की बंद होणारे रस्ते, अभिनंदनच्या फिरत्या. पण त्या सुरात असल्या गोष्टींना जागा नव्हती. त्यात नुसतं येईन म्हटलं की येऊन बसल्यासारखं वाटत होतं.

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. एक्स्चेंजमध्ये दोन लाइन एकदम लागल्यावर बघत असाव्यात तशा.

"दोघी सारख्याच," त्या पुटपुटल्या.

"कोण दोघी, अक्का?" फोनने लगेच विचारलं.

सुरुचीने श्वास धरला. तळहाताखाली चार्वीनेही धरला.

"कुणी नाही गं. लाइनवर गडबड आहे." अक्कांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले, उठायच्या तयारीत असल्यासारखे. "नाही."

फोन पहिल्यांदाच गप्प झाला.

"नाही म्हणालात, अक्का?"

"होय. नाही म्हणाले. घर द्यायचं नाही मला."

"बरं," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, हिरमोड नव्हता. "जपून राहा हं."

पडदा काळा झाला. मागच्या खोलीत हाडांची नावं पुन्हा सुरू झाली. सुरुचीने हात काढला. चार्वीच्या गालावर चार बोटांच्या पांढऱ्या खुणा उमटल्या होत्या, त्या बघता बघता पुसल्या गेल्या. सुरुची उठली.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या होत्या. धुतलेलं ताट त्या पुन्हा धूत होत्या. सुरुची दारात उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण कुठल्या आवाजात बोलावं ते कळेना.

"रोजचं म्हणालीस ते सोडून दे," अक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुला जमायचं नाही. मी काय लहान पोर आहे?" नळ चालूच होता. "आठवड्यातनं एकदा आलीस तरी पुष्कळ. दिवस मावळायच्या आत ये म्हणजे झालं, जेवायला बसता येईल."

ती येते म्हणाली. आपल्या नेहमीच्या, दमलेल्या आवाजात.

बाहेर आली तेव्हा चार्वी टेबलाजवळ उभी होती. तिने अक्कांचा फोन दोन्ही हातांनी कानाला धरला होता आणि ऐकत होती. सुरुचीने तो अलगद काढून घेतला, तिच्या पायात चप्पल चढवली. अंगणात उतरल्यावर चार्वीने विचारलं, "आई, ती गेली?"

"हो."

"अक्काआजी नाही म्हणाली म्हणून?"

"हो, बाळा."

सुरुचीने तिला स्कूटरवर पुढे उभं केलं, कानटोपी नीट बसवली. गल्लीत दिवे लागत होते. ओळीने लहान घरं, प्रत्येक खिडकीत जेवण आटपून बसलेलं कुणी ना कुणी. पलीकडच्या एका घरात फोन वाजला आणि पहिल्याच घंटीला उचलला गेला.

चार्वीने तिकडे मान वळवली.

"मग आता ती कुणाच्या आजीकडे गेली?"